जनुकाचा बाऊ नको, बी-१२ विसरू नका

हातापायांना मुंग्या येऊ लागल्या की आपल्याकडे कोणी औषधाच्या दुकानातून ताकदीच्या गोळ्या आणून देतो. पुण्या-मुंबईला शिकणारा भाचा मात्र हल्ली फोनवरून जनुकाची तपासणी सुचवतो. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत.

पालेभाज्या, डाळी, शेंगदाणे यांतून मिळणाऱ्या एका जीवनसत्त्वाला फोलेट म्हणतात. गोळीतले फॉलिक ॲसिड हे त्याचेच रूप. १९३१ साली डॉ. लुसी विल्स यांनी मुंबईच्या गिरण्यांतील गरोदर स्त्रियांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा करून दाखवला. त्या अर्कातला गुण फोलेटचा, हे पुढे कळले.

हे फोलेट शरीरात कामी लावणारे एक विकर एमटीएचएफआर या जनुकाच्या आराखड्यावरून बनते. काहींच्या जनुकात जन्मतःच एका अक्षराचा फरक असतो आणि विकराचे काम मंदावते. मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण टिकवण्यात फोलेट आणि बी-१२ या जीवनसत्त्वांचा वाटा असतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच हे आवरण पोखरते. म्हणून दोहोंचा संबंध असावा, अशी शंका संशोधकांना आली. काही पाहण्यांत तो दिसला, काहींत दिसला नाही. हा फरक निरोगी माणसांतही आढळतो. त्यावरून आजाराचे निदान होत नाही.

आनुवंशिकता अगदीच खोटी नव्हे. मुंबईच्या पारशी समाजात हा आजार भारतातील इतरांपेक्षा अधिक असल्याचे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. पण त्यामागे अनेक जनुके आणि परिस्थिती मिळून असतात. एका जनुकाच्या चिठ्ठीवर नशीब लिहिलेले नसते.

आपल्या भागात खरा धोका वेगळाच आहे. बी-१२ हे दूध, दही, अंडी, मांस-मासळीतूनच मिळते. माळकरी घरांत, आणि दूध डेअरीला घालून स्वतः कोरा चहा पिणाऱ्या घरांत त्याची उणीव पडते. त्यानेही मुंग्या येतात, तोल जातो, पाय बधिर होतात. अशा वेळी नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारते, चेहरा तजेलदार दिसतो, पण आत मज्जारज्जूची झीज चालूच राहते. गोळीने आजार झाकला जातो, बरा होत नाही. वेळीच बी-१२ ची इंजेक्शने मिळाली तर हे नुकसान टळू शकते.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे : जनुकाच्या तपासणीवर पैसे घालण्याआधी बी-१२ तपासा. ही तपासणी हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी गरिबालाही परवडावी, अशी मागणी लोकांनी केली पाहिजे. गरोदर मातांनी मात्र दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मुळीच बंद करू नयेत.

एका डोळ्याची नजर अचानक अंधुक झाली, डोळा हलवताना दुखला किंवा अंगाचा एखादा भाग दिवसभराहून अधिक काळ बधिर राहिला, तर नांदेडला मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. मल्टिपल स्क्लेरोसिसची लक्षणे पुष्कळदा आपोआप ओसरतात आणि माणूस निर्धास्त होतो. आराम पडला म्हणून जाणे टाळू नका. आजाराचा जोर रोखणारी औषधे आज आहेत, पण ती जितकी लवकर सुरू होतील तितकी उपयोगाची.