पत्रकाचे नवे रूप आणि जुनी जबाबदारी

प्रसिद्धिपत्रक हे मुळात भांडवलदारांचे हत्यार आहे, याचा विसर कार्यकर्त्यांनी पडू देऊ नये. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटी येथे रेल्वेचा भीषण अपघात झाला, तेव्हा कंपनीच्या वतीने आयव्ही ली याने स्वतः निवेदन लिहून वृत्तपत्रांना पुरविले. १९१४ साली लडलो येथे संपकरी खाणकामगारांचे हत्याकांड झाल्यावर याच लीने रॉकफेलरांसाठी पत्रके काढली. त्यांतील अनेक विधाने खोटी ठरली.

२००६ साली टॉड डेफ्रेन याने समाजमाध्यमांसाठी पत्रकाचा नवा आराखडा मांडला. त्यात सुटे मुद्दे, छायाचित्रे, चित्रफिती आणि मूळ आधारांचे दुवे होते. यांपैकी आपल्या खऱ्या उपयोगाचा आहे तो दुवा. 'तीव्र निषेध' आणि नेत्यांची नामावली असलेले तेच पत्रक व्हॉट्सअॅपवर धाडले म्हणजे आधुनिकता आली, असे मानणे भाबडेपणाचे होईल. पत्रकासोबत मूळ शासननिर्णय अथवा कामगाराचे नाव झाकलेली वेतनपावती जोडली, तर वाचक आपले म्हणणे स्वतः पडताळू शकतो. लीच्या वाचकाला ती सोय नव्हती.

जाहिरातीसाठी ज्यांच्यापाशी पैसा नाही, त्यांचे भांडवल विश्वासार्हता हेच होय. ते गमावून मिळविलेली प्रसिद्धी चळवळीच्या कामाची नाही.