रिश्ता पाहताना एक रक्ततपासणी

रिश्ता पाहताना आपण घराणे, शिक्षण, कमाई, दीनदारी सगळे विचारतो. रक्ताचा रिपोर्ट मागितला की मात्र समोरच्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘आमच्या मुलीत काय खोट दिसली?’ म्हणून या वेळी थॅलेसेमियाविषयी लिहिते.

या आजारात शरीरात हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही. थॅलेसेमिया मेजर असलेल्या बाळाला साधारण पहिल्या दोन वर्षांतच रक्त चढवावे लागते आणि पुढे दर दोन-चार आठवड्यांनी चढवतच राहावे लागते. त्या रक्तातले लोह शरीरात साठते, ते काढण्यासाठी वेगळी औषधे लागतात. मायनर, म्हणजे वाहक माणूस मात्र धडधाकट असतो. जोडीतले एकच जनुक सदोष असल्याने त्याला स्वतःला पत्ताही नसतो.

नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. एक सदोष जनुक आईकडून येते आणि एक बापाकडून. तरी बोल लागतो तो सुनेलाच. हा जुलूम आहे.

चुलत-मामे भावंडांचा निकाह शरीअतने जायज ठेवला आहे. पण आजी वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलात ते जनुक उतरण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक नातवंडात पाव असते. म्हणून नात्यात रिश्ता करताना तपासणी अधिक गरजेची. नात्याबाहेर केला म्हणजे धोका टळला, असेही नाही. सिंधी, लोहाणा अशा समाजांतही हे जनुक बरेच आढळते.

या आजाराचे निदान जनुकापर्यंत नेणाऱ्यांत डॉ. युएट वाई कान यांचे नाव मोठे. 1936 साली हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या या डॉक्टरांनी सॅन फ्रान्सिस्कोत संशोधन केले. 1976 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी गर्भाभोवतीच्या पाण्यातल्या पेशींचा डीएनए तपासून अल्फा थॅलेसेमियाचे निदान जन्माआधीच करून दाखवले. त्यापूर्वी गर्भाचे रक्त काढावे लागे, ते जोखमीचे असे. आता वारेचा बारीक अंश घेऊन दहा-बारा आठवड्यांतही तपासणी होते. 1990 साली मक्केत इस्लामी फिक्ह परिषदेने गर्भात गंभीर, असाध्य दोष सिद्ध झाल्यास 120 दिवसांच्या आत, आई-वडिलांच्या मागणीवरून गर्भपाताची मुभा दिली. लवकर निदानाचे मोल त्यावरून कळावे. तरीही असा निर्णय डॉक्टर आणि आलिम, दोघांशी बोलूनच घ्यावा.

ही वेळच येऊ नये यासाठीची तपासणी सोपी आहे. साध्या सीबीसीत वाहकाच्या लाल पेशी लहान दिसतात. पुष्कळदा ती लोहाची कमतरता समजून नुसत्या गोळ्या दिल्या जातात. खात्रीसाठी एचपीएलसी नावाची तपासणी करतात. त्यात एचबी ए-टू साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर असले तर माणूस बीटा थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता मोठी. रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

इराणने 1997 पासून आणि सौदी अरेबियाने 2004 पासून लग्नाआधी ही तपासणी सक्तीची केली. आपण कायद्याची वाट कशाला पाहावी? सुरुवात मुलाच्या रिपोर्टपासून करावी. मुलाकडच्यांनी आपला कागद आधी पुढे ठेवला, तर मुलीकडच्यांना मागण्यात अपमान वाटणार नाही. आणि एकच जण वाहक निघाला, तर केवळ तेवढ्यावरून रिश्ता मोडू नये.