सवय आणि संगत

व्यायाम करावा, तंबाखूला शिवू नये, हे कोणत्या मुलाला ठाऊक नसते? तरीही परीक्षेत आरोग्याचे नियम बिनचूक लिहिणारा मुलगा शाळा सुटल्यावर मित्राने पुढे केलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकतो. त्याचे ज्ञान तोकडे नसते. 'नाही म्हटले तर हे मला भित्रा म्हणतील,' ही धास्ती त्या ज्ञानावर मात करते. म्हणून माझे मत असे की, सवयीचे मूळ जितके मनात, तितकेच संगतीत असते.

ही धास्ती आजची नव्हे. गाडगेबाबांचा, म्हणजे डेबूजींचा, जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला. दारूपायी वडील अकाली गेले आणि डेबूजी अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामांकडे वाढले. पुढे त्यांच्या मुलीचे बारसे आले. अशा प्रसंगी मद्य-मांसाचे जेवण घालण्याची रूढी होती. डेबूजींनी मात्र गोडाचे जेवण घातले. भाऊबंद नाराज झाले. पण ते डगमगले नाहीत. दारूचे दुष्परिणाम त्या पंगतीत इतरांनाही ठाऊक असतील. परंतु रूढीविरुद्ध पहिले पाऊल कोणा एकालाच टाकावे लागते.

१९०५ साली घर सोडल्यावर बाबा गावोगाव फिरले. गावात शिरताच ते खराटा हाती घेत. कीर्तन रात्री होई. त्यांना झाडताना पाहून गावकरीही पुढे सरसावत.

संगतीचे हेच बळ आखाड्यात दिसते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. घरी एकट्याने दहा जोर काढताना कंटाळणारा मुलगा आखाड्यात सोबत्याबरोबर पंचवीस सहज काढतो. एक दिवस चुकला, तर त्यालाच चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

कोणी म्हणेल, "मन खंबीर असले की संगत कशीही असो." परंतु मुलांनो, तुमच्या वयात मित्रांचा जिव्हाळा अन्नाइतकाच हवासा वाटतो आणि त्यात काही गैर नाही. तेव्हा मित्र तोडू नका. त्यांना मैदानावर न्या. खर्रा पुढे आला, तर हसतमुखाने म्हणा, "मला नको." हेच दोन शब्द ओठांवर आलेला आणखी कोणीतरी त्या घोळक्यात मुकाट्याने उभा असतो. तुमचा आवाज ऐकून त्यालाही धीर येईल.