निश्चय नसेल तर घाई नको

बारावीच्या २०२५ च्या निकालात कोकण विभाग ९६.७४ टक्क्यांसह पुन्हा राज्यात पहिला आला. तथापि सावंतवाडीत महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या कित्येकांना पुढे काय व्हावयाचे, हे ठाऊक नसते. त्यात गैर काही नाही. गैर आहे तो, हा अनिश्चय झाकण्यासाठी कर्ज काढून महागडा अभ्यासक्रम पत्करण्याचा अट्टाहास. मध्येच मन उडाले तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. निवडीची किंमत केवळ शुल्काने मोजावयाची नसते. तिच्यापायी सोडलेल्या संधीही हिशेबात धराव्या लागतात. म्हणून ज्याचा निश्चय झालेला नाही, त्याने गणित व भाषा पक्की करणारी, पुढच्या वाटा मोकळ्या ठेवणारी, घराजवळची पदवी निवडावी.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार विहित अटी पुऱ्या करून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबता येते. मिळविलेले श्रेयांक पुढेही उपयोगी पडतात. परंतु विषय शिकवावयास प्राध्यापकच नसतील, तर ही मुभा कागदावरच राहील. पालकांनी मुलामुलींना विचाराला अवधी द्यावा. शासनाने ग्रामीण महाविद्यालयांतील रिक्त जागा आधी भराव्यात.