ग्रंथालय खिशात, पण ग्रंथ कोणाचा?

तालुक्याच्या गावातील एखाद्या सार्वजनिक वाचनालयात सायंकाळी डोकावले, तर वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त मंडळी दिसतात आणि अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले दिसतात. देवघेवीच्या टेबलापाशी मात्र पूर्वीची वर्दळ राहिलेली नाही. अभ्यासिकेतील त्याच मुलांच्या हाती मोबाईल असतो आणि त्यांचे बरेचसे वाचन त्यावरच चालते. वाचक ग्रंथाकडे येत नसेल तर ग्रंथाने वाचकाकडे जावे, हा विचार त्यामुळे जगभरच्या ग्रंथालयांनी स्वीकारला आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांत ग्रंथालय ही वाढती संस्था असल्याचे सांगितलेलेच आहे. तेव्हा ग्रंथालयाने मोबाईलवर जावे की नाही, हा वाद निरर्थक होय. कोणत्या अटींवर जावे, हा खरा प्रश्न आहे.

मोबाईलवरून मिळणाऱ्या सेवांचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांची गल्लत करता कामा नये. पहिल्या प्रकारात ग्रंथ कपाटातच राहतो, केवळ त्याची माहिती वाचकापर्यंत पोहोचते. हवे असलेले पुस्तक आहे की बाहेर गेले आहे, परत करण्याची तारीख कोणती, मुदत वाढवून मिळेल काय, हे सारे सभासदाला घरबसल्या कळते. 'कोहा' ही विनामूल्य संगणकप्रणाली किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' प्रणाली वापरून हे साधता येते. यात सभासदाचा हेलपाटा वाचतो आणि ग्रंथालयाचे काहीही जात नाही. दुसऱ्या प्रकारात खुद्द ग्रंथच मोबाईलवर दिला जातो, आणि येथे व्यवहाराचे स्वरूप मुळातून बदलते.

छापील पुस्तक ग्रंथालय विकत घेते. दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो आणि ते संस्थेची मालमत्ता बनते. तीनशे रुपयांचे पुस्तक साठ वाचकांनी नेले, तर दर वाचनाचा खर्च पाच रुपये पडतो. त्यानंतर पाने सुटली तर बांधणी करून ते आणखी काही वर्षे चालते, आणि प्रत्येक वाचकागणिक हा खर्च उतरत जातो. गरीब समाजाला श्रीमंत ग्रंथसंग्रह परवडतो तो या साध्या हिशेबामुळे. इलेक्ट्रॉनिक पुस्तक मात्र ग्रंथालयाला बहुधा विकत मिळत नाही. मिळतो तो वापराचा परवाना, आणि त्याला मुदत असते. मालक असलेली संस्था अशा रीतीने भाडेकरू होते.

हा बदल किती दूरवर जातो हे पाहायचे, तर जेथे मोबाईलवरची देवघेव रुळली आहे त्या अमेरिकेकडे पाहावे लागेल. तेथे 'ओव्हरड्राइव्ह' या कंपनीचे 'लिबी' हे ॲप २०१७ पासून ग्रंथालयांच्या सभासदांना पुस्तके देते. मुदत संपताच पुस्तक आपोआप परत जाते आणि दंडाचा प्रश्न उरत नाही. वाचकांच्या दृष्टीने सोय उत्तमच आहे. परंतु पडद्यामागे २०११ मध्ये 'हार्परकॉलिन्स' या प्रकाशनसंस्थेने अट घातली की, २६ वेळा दिले गेल्यावर पुस्तकाचा परवाना संपेल आणि तो पुन्हा घ्यावा लागेल. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'मॅकमिलन'ने नव्या पुस्तकाची पहिल्या आठ आठवड्यांत ग्रंथालयाला, मग ते केवढ्याही महानगराचे असो, एकच प्रत देण्याचे धोरण आणले. ग्रंथालयांनी बहिष्काराचे हत्यार उपसले आणि मार्च २०२० मध्ये ते मागे घेतले गेले. छापील प्रती स्वतः स्कॅन करून उसन्या देण्याचा 'इंटरनेट आर्काइव्ह'चा मार्गही २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने अवैध ठरविला.

प्रकाशकांची बाजू सर्वस्वी गैर आहे असे नाही. इलेक्ट्रॉनिक पुस्तक झिजत नाही, हरवत नाही आणि ते आणण्यासाठी कोणाला घराबाहेर पडावे लागत नाही. ते विनामूल्य आणि अमर्याद मिळू लागले, तर विकत कोण घेणार, आणि लेखकाला मानधन कोठून मिळणार? या शंकेला उत्तर द्यावेच लागेल. परंतु ते उत्तर म्हणजे ग्रंथालयाने दरवर्षी भाडे भरत राहावे, हेच असले पाहिजे असे नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळीच धार आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली 'अ' ते 'ड' अशा वर्गांत विभागलेली हजारो ग्रंथालये शासकीय अनुदानावर चालतात. त्यातून सेवकांचे वेतन, वर्तमानपत्रे, वीज आणि ग्रंथखरेदी भागवायची असते. अनुदान लांबणे ही येथे काही अपूर्व घटना नव्हे. ज्या वर्षी पैसे येत नाहीत, त्या वर्षी नवी पुस्तके येत नाहीत, पण जुनी कपाटातच असतात. संग्रह परवान्यावरचा असेल, तर हप्ता चुकताच सारे कपाट एका रात्रीत रिकामे होईल.

सामुदायिक खरेदीने बळ येते हे केंद्र सरकारच्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेने दाखविले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके सरकारी व्यवस्थापनाखालील उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुली करण्यात आली. एकेकट्या महाविद्यालयाला असा सौदा स्वप्नातही जमला नसता. मात्र २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांची तरतूद असलेली ही योजनाही वर्गणीच आहे, आणि गावच्या वाचनालयातील वाचक तिच्या कक्षेत येत नाही.

मराठीपुरते पाहिले तर परिस्थिती तुलनेने अनुकूल आहे. मराठी विश्वकोशाचे खंड आज मोबाईलवर विनामूल्य वाचता येतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके त्याच्या संकेतस्थळावर आहेत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. म्हणजे १९१९ मध्ये दिवंगत झालेले ह. ना. आपटे व राम गणेश गडकरी आणि १९५० मध्ये गेलेले साने गुरुजी यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले साहित्य समाजाच्या मालकीचे झाले आहे. या साऱ्याची शुद्ध, शोधता येईल अशी प्रत तयार करून ती एका सूचीत गुंफणे आणि प्रत्येक ग्रंथालयाला कायमची देणे, हे राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाला अशक्य नाही.

हयात लेखकांच्या पुस्तकांसाठी राज्याने मराठी प्रकाशकांशी एकत्रित करार करावा. किंमत छापील प्रतीपेक्षा अधिक द्यावी, एका प्रतीवर एका वेळी एकच वाचक ही मर्यादा पाळावी, परंतु घेतलेली प्रत कायमची असावी. यात प्रकाशकाला निश्चित विक्री मिळते, लेखकाचे मानधन सुटते आणि ग्रंथालयाची मालमत्ता शाबूत राहते. ज्या घरात एकच मोबाईल चौघांत फिरतो, तेथील मुलासाठी वाचनालयात जोडणी, बसायला जागा आणि हवे ते शोधून देणारा ग्रंथपाल लागेलच. त्याच्या वेतनाला कात्री लावून ॲप विकत घेणे ही काटकसर ठरणार नाही.

झगमगीत सादरीकरण घेऊन येणारे विक्रेते आता लहान वाचनालयांच्याही दारी येतील. कार्यकारी मंडळाने सही करण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारावे: पुढल्या वर्षी पैसे भरता आले नाहीत, तर आमच्यापाशी काय उरेल? 'काहीच नाही' हे उत्तर आले, तर तो खर्च ग्रंथखरेदीच्या रकान्यात न मांडता भाड्याच्या रकान्यात मांडावा आणि सभासदांच्या वार्षिक सभेला तसे स्पष्ट सांगावे.