संगीताचे महाविद्यालय आणि कर्जाचा हप्ता

बारावीनंतर संगीतातच पदवी घ्यावयाची असे ठामपणे सांगणारी मुले-मुली आता मध्यमवर्गात दुर्मिळ राहिलेली नाहीत. पालकांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : कोणते महाविद्यालय चांगले? माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग असा, की त्या महाविद्यालयातून बाहेर पडताना मुलाच्या डोक्यावर किती कर्ज असेल आणि ते फेडताना रियाजाला वेळ उरेल का?

प्रथम हिशेब मांडू. समजा, तीन वर्षांच्या पदवीसाठी दरवर्षी दोन लाख याप्रमाणे सहा लाखांचे कर्ज साडेदहा टक्के दराने घेतले. अभ्यासक्रमाची तीन वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र सरळ पद्धतीने साचत राहते. ते सुमारे एक लाख ८९ हजार होते. म्हणजे परतफेड सुरू होते तेव्हा कर्ज सात लाख ८९ हजारांचे झालेले असते. दहा वर्षांची मुदत घेतली तर मासिक हप्ता सुमारे १०,६५० रुपये पडतो. पंधरा वर्षांची घेतली तर तो ८,७०० रुपयांपर्यंत उतरतो, पण एकूण परतफेड पंधरा लाखांच्या पुढे जाते.

अभियंत्याच्या बाबतीत हा हप्ता जड असला तरी तर्कसंगत असतो, कारण पदवीनंतर लवकरच वेतन सुरू होईल हे गृहीत धरून तो बेतलेला असतो. गायक-वादकाची मिळकत उशिरा येते, तुकड्यातुकड्यांनी येते आणि चातुर्मासात आटतेही. बाविसाव्या वर्षी दरमहा दहा हजारांचा हप्ता मागे लागला की संध्याकाळच्या शिकवण्या वाढतात, मिळेल तेथे साथ करावी लागते. या कामांत कमीपणा मुळीच नाही. परंतु ज्या वयात गळा आणि हात तयार व्हावयाचे, नेमके तेच तास त्यांत खर्ची पडतात.

संगीतशिक्षण महाग का, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. चार वादकांची एक रचना वाजवावयास शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. इतर क्षेत्रांची उत्पादकता आणि वेतने मात्र वाढत जातात, म्हणून कलेचा खर्च सापेक्षतः चढतच राहतो, असा त्यांचा युक्तिवाद. गुरूसमोर बसून घेतलेल्या तालमीला तो तंतोतंत लागू पडतो. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात अर्थशास्त्र शिकविता येते (मीही तसाच शिकलो), पण साठांना एकत्र बसवून ख्याल घोटविता येत नाही. हा खर्च टळत नाही. तो कोणी सोसावयाचा, एवढेच ठरवता येते.

पूर्वी तो दरबाराने सोसला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि तो भार समाजाच्या देणग्यांवर आणि स्वतःवर घेतला. निवडक शिष्यांच्या राहण्या-जेवणाची जबाबदारीही संस्थेचीच असे. मुंबईतील वास्तू कर्ज काढून उभारली गेली आणि पुढे कर्जापायीच तिचा लिलाव झाला. कर्ज तेव्हाही होते, पण ते संस्थेचे होते. आज तेच विद्यार्थ्याच्या नावावर लिहिले जाते, हा बदल आपण फारशी चर्चा न करता स्वीकारला आहे.

तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालय, दिल्ली विद्यापीठ, विश्वभारतीचे संगीत भवन, खैरागढचे १९५६ मध्ये स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, पुण्याचे ललित कला केंद्र या सार्वजनिक संस्थांचा विचार आधी करावा. इमारत आणि ध्वनिमुद्रणकक्ष पाहण्याऐवजी आठवड्यातून किती तास प्रत्यक्ष तालीम मिळते आणि कोणाकडून, हे तेथील विद्यार्थ्यांनाच विचारावे. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत निवड झाली तर पदवीचा आग्रह काही काळ बाजूला ठेवण्यासही हरकत नाही. तेथे शिष्यवृत्तीवर गुरूंच्या सान्निध्यात राहून शिकता येते. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटासाठीची दोन वर्षांची शिष्यवृत्तीही अनेकांच्या नजरेतून सुटते.

खासगी संस्थेत जावयाचेच असेल तर मिळणारे प्रमाणपत्र विद्यापीठाच्या पदवीचे आहे की केवळ पदविकेचे, हे लेखी घ्यावे. महाविद्यालयातील अध्यापनासाठीच्या ‘नेट’ परीक्षेत संगीत हा विषय आहे, परंतु तेथे पदव्युत्तर पदवी लागते. मान्यता नसलेल्या पदविकेने ती वाट सुरुवातीलाच बंद होते, आणि हे लक्षात येईपर्यंत तीन वर्षांचे शुल्क भरून झालेले असते.

धोरणातील उणीवही सांगितली पाहिजे. २००९ पासूनची केंद्राची व्याज-अनुदान योजना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, पण तेथेही प्राधान्य सरकारी संस्थांना आणि पुन्हा तांत्रिक-व्यावसायिक शाखांनाच. संस्था निवडल्या जातात त्या मुख्यतः राष्ट्रीय क्रमवारीवरून, आणि त्या क्रमवारीत अभियांत्रिकीपासून दंतवैद्यकापर्यंत स्वतंत्र गट असले तरी प्रयोगकलांचा गट नाही. केंद्रीय विद्यापीठे योजनेत आपोआप येतात, हे त्यांना पसंती देण्याचे आणखी एक कारण. आयकरातील शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट तर करपात्र उत्पन्न असणाऱ्यांसाठी. होतकरू सतारवादकाला तिचा काय उपयोग!

ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून परतफेड उत्पन्नाशी जोडली : ठरावीक मर्यादेखाली मिळकत असेल तर त्या वर्षी काहीच द्यावयाचे नाही. आपल्याकडे कलाकारांचे मानधन बहुधा रोखीने, नोंदीविना दिले जाते, त्यामुळे ही पद्धत जशीच्या तशी उतरवता येणार नाही. तोवर एवढे तरी करावे, की बेरोजगारीच्या किंवा अपुऱ्या मिळकतीच्या काळात काही महिने हप्ता स्थगित ठेवण्याची तरतूद आपल्या बँकेच्या योजनेत आहे का, हे कर्जपत्रावर सही करण्यापूर्वी शाखा व्यवस्थापकास विचारावे आणि उत्तर कागदावर घ्यावे.