यादी लेकीची, हिशेब आईचा

महिन्याच्या किराण्याची यादी करायला बसले होते, तर लेकीनं आपली यादी पुढ्यात ठेवली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट. "आई, तयार कॉम्प्युटर नको. सुटे भाग आणून मीच जोडते. गेमही खेळता येतील."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "पोरीच्या जातीले गेम काहून पाह्यजे वं? तेवढ्या पैशात कानातलं होते."

मैत्रिणींनो, खरं सांगते, माझ्याही ओठावर 'नाही'च आलं होतं. पण पुतण्यानं हेच मागितलं, तेव्हा 'पोरगा हुशार आहे' म्हणून साऱ्या घरानं कौतुक केलं होतं. मग हिला वेगळा न्याय का? मी दोन अटी घातल्या. साठ हजारांच्या वर एक रुपया नाही, आणि प्रत्येक वस्तू का हवी ते मला कळेल असं सांगायचं.

गेमच्या कॉम्प्युटरमध्ये सहसा सगळ्यात महाग असतं ते ग्राफिक्स कार्ड. तिनं ते यादीत घेतलंच नव्हतं. तिनं निवडला होता 2021 मध्ये आलेला रायझन 5 5600जी. यातला 'जी' म्हणजे चित्र दाखवायची सोय प्रोसेसरच्या आतच. हलके गेम त्यावर चालतात, भारी गेमसाठी कार्ड पुढे बसवता येतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतं, त्यात ही सोय नसते. वेगळं कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसत नाही. आधी दोन खोल्या बांधायच्या, वरचा मजला मागाहून. हा हिशेब कोणत्या बाईला कळणार नाही?

रॅम 16 जीबी, पण एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन. दोन वाटांनी माहितीची ये-जा होते, म्हणून काम भराभर होतं. या रॅमचे भाव 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे भडकले, हे ऐकून मला 2015 मधली दोनशे रुपये किलोची तूरडाळ आठवली!

भांडण झालं ते कॅबिनेटवरून. तिला काचेचं, रंगीत दिव्यांचं हवं होतं. मी म्हटलं, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. समोरून जाळीचं, हवा खेळणारं घे. दिव्यांचे वाचलेले पैसे पॉवर सप्लायला लाव. साऱ्या भागांना वीज वाटणारा तोच, हलका निघाला तर बाकीच्यांनाही घेऊन बुडतो. वीज येते-जाते, म्हणून यूपीएसही यादीत घातला. आणि कॉम्प्युटर कूलरच्या ओल्या झोतात ठेवायचा नाही, हे आधीच ठरवलं.

खरेदीला नागपूरला सीताबर्डीवर गेलो. दुकानदार सगळं माझ्या यजमानांना समजावत होता. लेकीनं विचारलं, "या बोर्डाचं बायोस या प्रोसेसरसाठी अपडेट केलेलं आहे का?" तो क्षणभर थांबला, आत जाऊन विचारून आला. त्यानंतर मात्र तिच्याशीच बोलला. जीएसटीचं पक्कं बिल घेतल्याशिवाय आम्ही हललो नाही. वॉरंटीला तेच लागतं.

घरी तिनं सारं जोडलं. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळाच. माझ्या पोटात गोळा. तिनं शांतपणे रॅमची पट्टी काढली, टक् आवाज येईपर्यंत पुन्हा दाबली आणि पडदा उजळला.

मुलांना गेमचं वेड लागेल ही भीती मलाही आहे. म्हणून आमच्याकडे खेळायची वेळ ठरलेली आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर तर 2025 च्या कायद्यानं बंदीच आणली. पण गेमच्या भीतीनं यंत्रच नाकारणं मला पटत नाही.

आपल्या वर्ध्यात 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं मगन संग्रहालय आहे. तिथले चरखे पाहताना मला नेहमी 1929 मधली ती स्पर्धा आठवते. चांगल्या चरख्याला एक लाखाचं बक्षीस होतं. अटी अशा की किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, दुरुस्ती करत वीस वर्षं टिकावा आणि बाईला आठ तास फार न थकता चालवता यावा. कमी पैशात, टिकाऊ, दुरुस्त होणारं आणि बाईच्या हाती चालणारं यंत्र! माझ्या लेकीची यादी याहून फार वेगळी नव्हती.

तेव्हा मैत्रिणींनो, लेकीनं अशी यादी आणली तर कानातल्याचा विषय काढू नका. शेजारी बसा, एकेका वस्तूचा जाब विचारा, हिशेब घट्ट धरा. आणि पेचकस मात्र तिच्याच हाती राहू द्या.